नोहाच्या अंगावरचं पांघरूण

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष असा मांडावा की तो धरणारानेही मान डोलवावी, असा आपल्याकडच्या वादाचा जुना दंडक आहे. तो पाळायचा म्हणून सुरुवात आमच्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त मास्तरांपासून करतो. ज्या मताशी मी भांडणार आहे, ते त्यांच्याइतक्या नेटकेपणाने दुसऱ्या कोणाकडून मी ऐकलेलं नाही.

रविवारची पहिली मिस्सा सुटली की मास्तर चर्चबाहेरच्या क्रुसाशेजारी ओट्यावर बसतात. कोणीतरी मोबाईल पुढे करतं. त्यात कधी रोममधल्या एका कार्डिनलला पैशांच्या अफरातफरीबद्दल शिक्षा सुनावल्याची बातमी असते. कधी आशीर्वादाविषयीच्या एका दस्तऐवजाला आफ्रिकेतल्या बिशपांनी नकार दिलेला असतो. कधी मिस्सेत धर्मगुरूने तोंड वेदीकडे करायचं की लोकांकडे, या वादात एर्नाकुलमच्या बॅसिलिकेला कुलूप लागलेलं असतं. मास्तर त्या स्क्रीनकडे बघतही नाहीत. ‘खिशात ठेव ते,’ म्हणतात, ‘आणि रोझरी काढ. मन शांत राहील.’

हा निव्वळ म्हातारपणाचा हट्ट नव्हे. मास्तरांकडे तीन आधार आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला नोहाचा. द्राक्षरस पिऊन नोहा डेऱ्यात उघडा पडला. हाम या मुलाने ते पाहून बाहेर सांगितलं. शेम आणि याफेथ मात्र खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले आणि बापाची लाज झाकली. आशीर्वाद मिळाला तो या दोघांना. दुसरा आधार तारवाचा. वादळ उठलं, लाटा आत आल्या, आणि प्रभू येशू उशीवर डोकं ठेवून झोपलेला. धन्याला झोप लागत असेल तर खलाशांनी का जागावं? तिसरा आधार इतिहासातला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेला जमलेल्या बिशपांनी एकमेकांविरुद्ध तक्रारअर्ज दिले, तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने ते न वाचताच जाळले आणि एखादा बिशप पाप करताना आपल्याला दिसला तर आपण त्याच्यावर आपला झगा पांघरू, असं सांगितलं. इतिहासकार थिओडोरेटने ही गोष्ट नोंदवली आहे.

या तिन्हींवरून मास्तरांचा निष्कर्ष असा: ख्रिस्तसभेतली भांडणं जाणून घेतली की मन ढवळतं, मन ढवळलं की श्रद्धा गळते, म्हणून ज्याला श्रद्धा टिकवायची आहे त्याने जाणून घेऊ नये. प्रापंचिकाचं काम प्रार्थनेचं, बाकी वरचे बघतील.

हे मत मास्तरांपुरतं असतं तर लेख लिहिण्याची गरज नव्हती. तपसाधनेच्या शिबिरांत ते सांगितलं जातं आणि घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतं. गंमत म्हणजे, जे चर्चची पायरी चढत नाहीत तेही हेच मत उलटं करून वापरतात. माझा एक मित्र मला नेहमी विचारतो, ‘हे सगळं तुला ठाऊक आहे आणि तरी तू जातोस?’ मास्तर म्हणतात, जाणू नकोस, म्हणजे श्रद्धा टिकेल. मित्र म्हणतो, जाणलंस, मग श्रद्धा टिकली कशी? ज्ञान आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत, हे दोघांचंही गृहीतक. मला ते दोघांकडूनही काढून घ्यायचं आहे.

आधी शास्त्राधार. शेम आणि याफेथ यांना काय झालं आहे हे ठाऊक नव्हतं, असं उत्पत्तीचं पुस्तक कुठेही म्हणत नाही. ठाऊक नसतं तर ते वस्त्र घेऊन आलेच नसते. पाठमोरं चालणं हे अज्ञान नव्हे. काय झालं आहे ते पूर्ण माहीत असलेल्या माणसाने बापाची अब्रू राखत केलेलं काम आहे ते. दुसरं असं की, डेऱ्यात नोहा एकटा होता आणि त्याच्या नशेने दुसऱ्या कोणाला ओरखडाही उठला नव्हता. त्याच डेऱ्यात तो एखाद्या लेकराला मारत असता, तर ही मुलं पाठमोरी आत गेली असती का? पांघरूण लाजेवर घालायचं असतं, जखमेवर नव्हे.

तारवाचंही तसंच. मार्कच्या चौथ्या अध्यायात शिष्य स्वस्थ झोपून राहिले नाहीत. त्यांनी गुरूला हलवून उठवलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात. त्याने आधी वारा शांत केला आणि मग शिष्यांना बोल लावला. बोल लावला तो भ्याल्याबद्दल. उठवल्याबद्दल नव्हे. उठवलं नसतं तर चाललं असतं, असा अर्थ काढायचा असेल तर काढा, पण ज्यांनी उठवलं त्यांच्याच हाती पुढे ख्रिस्तसभा सोपवली गेली, हे विसरू नका.

राहता राहिला कॉन्स्टंटाइनचा झगा. तो पांघरणारा माणूस त्या वेळी बाप्तिस्मा न घेतलेला सम्राट होता आणि त्याला साम्राज्य एकसंध हवं होतं. नायसियाचा श्रद्धा-अंगीकार छातीठोकपणे जपणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला ३३५ साली ट्रिअरला हद्दपार केलं ते याच कॉन्स्टंटाइनने. अथनासियस पंचेचाळीस वर्षं बिशप होता आणि त्यातली सुमारे सतरा त्याने पाच वेगवेगळ्या वनवासांत काढली. ३३७ साली मृत्युशय्येवर सम्राटाने बाप्तिस्मा घेतला तोही, नायसियाने ज्याची शिकवण नाकारली त्या एरियसच्या पक्षाला जवळ असलेल्या एका बिशपाच्या हातून. हा झगा कोणावर घालायचा आणि कोणाच्या अंगावरून ओढून काढायचा, हे राजकारण ठरवत होतं.

आता इतिहास. मास्तरांच्या मनात एक चित्र असतं: पूर्वी श्रद्धाळूंना आजच्यासारख्या बातम्या मिळत नव्हत्या, म्हणून ते निवांत होते. या चित्राला छेद द्यायला चौदाव्या शतकाइतकी चांगली जागा नाही, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

पोप तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षं रोम सोडून फ्रान्सच्या दक्षिणेला आविन्यों इथे राहत होते. सिएनाच्या कॅथरिन नावाच्या रंगाऱ्याच्या मुलीने अकराव्या ग्रेगरींना रोमला परत यायला भरीला घातलं आणि जानेवारी १३७७ मध्ये ते आले. तिचे कबुलीगुरू रेमंड ऑफ कापुआ यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. पोप आविन्योंला असतानाच, त्यांच्या दरबारात पापाची दुर्गंधी येते, असं कॅथरिनने ग्रेगरींना तोंडावर सांगितलं. ग्रेगरींनी विचारलं, तू येऊन किती दिवस झाले? चार दिवसांत तुला हे कसं कळलं? ती उत्तरली की, आपल्या गावी सिएनात असतानाच तिला ही दुर्गंधी येत होती, आणि इथे बसून ती करणाऱ्यांना येत नसेल इतकी येत होती. तेव्हा छापखानासुद्धा नव्हता. बातमी तरीही पोचत होती, आणि जिच्यापर्यंत पोचली ती पुढे संत झाली.

मार्च १३७८ मध्ये ग्रेगरी वारले. बाहेर रोमचा जमाव इटालियन पोप हवा म्हणून ओरडत असताना कार्डिनलांनी बारीच्या आर्चबिशपांना निवडलं. ते सहावे अर्बन. निवडून आल्यावर त्यांनी कार्डिनलांना इतकं फटकारायला सुरुवात केली की बहुतेक सगळे रोमबाहेर पडले, जमावाच्या धाकाने आमचं मत गेलं असं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये फोंदी गावात त्यांनी दुसरा पोप निवडला. ते सातवे क्लेमेंट. ते आविन्योंला जाऊन बसले. दोघांनाही निवडणारे कार्डिनल बव्हंशी तेच. दोघांनीही एकमेकांना आणि एकमेकांच्या अनुयायांना बहिष्कृत केलं, म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर युरोपातला प्रत्येक कॅथलिक कोणा ना कोणा पोपने बाहेर काढलेला होता. फ्रान्स, स्कॉटलंड, कॅस्टील आविन्योंकडे. इंग्लंड, हंगेरी, जर्मनीचा मोठा भाग रोमकडे. १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने हा घोळ मिटवायला तिसरा पोप निवडला आणि दोनाचे तीन झाले. अखेर कॉन्स्टन्सच्या परिषदेने ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचव्या मार्टिनना निवडलं आणि एकोणचाळीस वर्षांचा गोंधळ संपला.

या गोंधळात कॅथरिन रोमच्या बाजूने उभी राहिली. अर्बनना सोडून गेलेल्या कार्डिनलांना तिने लिहिलेली पत्रं वाचताना आजही कान तापतात. पण अर्बनच्या रागीटपणावर तिने पांघरूण घातलं नाही. मन आवरा, हे त्यांनाही कळवलं. (अर्बननी ऐकलं नाही. ती गेल्यावर पाच वर्षांनी त्यांनी आपल्याच सहा कार्डिनलांना कटाच्या संशयावरून कैद करून त्यांचा छळ करवला.) त्याच काळात तिच्याच डोमिनिकन परिवारातला, वालेन्सियाचा व्हिन्सेंट फेरर आविन्योंच्या बाजूने होता. १३८० साली त्याने आरागॉनच्या राजासाठी या फुटीवर एक ग्रंथच लिहिला आणि राजाची तटस्थता चुकीची ठरवली. पुढे तो आविन्योंचे तेरावे बेनेडिक्ट यांचा कबुलीगुरू झाला.

एकीचं म्हणणं होतं पोप रोमला आहे, दुसऱ्याचं म्हणणं होतं आविन्योंला. दोघंही बरोबर असणं शक्य नव्हतं. ख्रिस्तसभेने दोघांनाही संत म्हणून जाहीर केलं. व्हिन्सेंटला १४५५ मध्ये, कॅथरिनला १४६१ मध्ये. यातला एक तपशील माझ्या फार आवडीचा आहे. व्हिन्सेंटला संतपद देणारे तिसरे कलिक्स्टस हे पोप होण्याआधी आल्फोन्सो दे बोर्हा नावाचे कायदेपंडित होते, आणि आविन्योंच्या परंपरेतल्या शेवटच्या प्रतिपोपला १४२९ मध्ये गादी सोडायला राजी करणारे ते हेच.

यावरून काय सिद्ध होतं? ख्रिस्तसभेच्या राजकारणाचा अचूक निकाल लावणं तारणासाठी गरजेचं नाही, इतकंच. हे माझं नव्हे. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप संत अँतोनिनस यांनी पंधराव्या शतकात या फुटीबद्दल लिहिताना सांगितलं की, पोपच्या निवडणुकीतली कायद्याची गुंतागुंत सोडवायला सामान्य माणूस बांधील नाही. त्याने आपल्या धर्मगुरूच्या मागे जावं.

इथे मास्तर टाळी वाजवतील. ‘बघ, मी हेच म्हणत होतो!’ पण नाही. निकाल लावायला तुम्ही बांधील नाही, असं अँतोनिनस म्हणतात. जाणून घेऊ नका, असं म्हणत नाहीत. त्यांनी स्वतः तर त्या काळाचा इतिहासच लिहून ठेवला. ‘मला यावर निवाडा द्यायचा नाही’ आणि ‘मला हे बघायचंच नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि माझ्या मते मनःशांतीचा सगळा पत्ता त्या फरकातच आहे. निवाड्याचं ओझं खाली ठेवलं की माणूस उघड्या डोळ्यांनी बघू शकतो. डोळे मिटून घेतलेल्याला मात्र प्रत्येक आवाजाने दचकावं लागतं.

युरोप लांब वाटत असेल तर माहीमला या. मुंबईत दर बुधवारी सेंट मायकल चर्चबाहेर नित्य साहाय्य मातेच्या नोव्हेनाला रांगा लागतात. १९४८ पासूनचा हा शिरस्ता. हिंदू, पारशी, मुसलमान, सगळे येतात, मेणबत्त्या लावतात, नवसाच्या चिठ्ठ्या टाकतात. मनाला शांती हवी असलेल्यांची एवढी गर्दी मुंबईत दुसरीकडे क्वचित दिसेल. त्याच माहीमच्या चर्चला १८५३ साली आपल्याच लोकांनी वेढा घातला होता.

भांडण होतं पाद्रोआदो आणि प्रोपगांडा यांचं. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडे बिशप सुचवण्याचा आणि चर्चं चालवण्याचा जो अधिकार पोपनी दिला होता, तो पाद्रोआदो. त्याच्या वतीने इथे गोव्याचे आर्चबिशप. दुसऱ्या बाजूला १६२२ साली रोमने थेट आपल्या हाताखाली स्थापन केलेली प्रोपगांडा फिदे ही धर्मप्रसाराची संस्था. इंग्रजांनी १७२० मध्ये मुंबईतून पोर्तुगीज धर्मगुरूंना काढून प्रोपगांडाच्या कार्मेलाइटांना आणलं, आणि १७९४ मध्ये मुंबईतली चर्चं दोघांत वाटून दिली. १८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरींनी पाद्रोआदोचे अधिकार छाटले. गोव्याने ते मानलं नाही. १८५३ मध्ये माहीमच्या बऱ्याच मंडळींना गोव्याकडे जायचं होतं. प्रोपगांडाचे बिशप आनास्तासियस हार्टमन, हे स्वित्झर्लंडचे कापुचिन, स्वतः चर्चमध्ये जाऊन आत कोंडून बसले. बाहेर वेढा. सुमारे पंधरवडा हा प्रकार चालला, शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च गोव्याच्या बाजूला गेलं. त्याच वर्षी नवव्या पायसनी गोव्याच्या पक्षातल्या काही धर्मगुरूंना नावानिशी कडक समज दिली.

आणि हे एका पिढीत मिटलं नाही. १८८६ च्या करारानंतरही मुंबईत दुहेरी अधिकार राहिला. शेजारीशेजारी राहणारी दोन कॅथलिक घरं दोन वेगळ्या बिशपांची असत. पहिली पिढी वेढ्याची आठवण सांगणारी, दुसरी त्यावरून सोयरीक मोडणारी, तिसरी कंटाळलेली असंच ते असणार. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात समझोता झाला, दुहेरी अधिकार संपला. १९५० मध्ये वॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. उत्तर कोकणातला कॅथलिक आज माहीमचा हा वेढा विसरून गेला आहे, पण त्याची श्रद्धा मोडली नाही.

मास्तरांसाठी एक तळटीप: आत कोंडून बसलेल्या त्या बिशप हार्टमन यांच्या कारकिर्दीत, १८५० मध्ये, मुंबईत एक कॅथलिक वृत्तपत्र सुरू झालं. आजचं ‘द एक्झामिनर’ ते हेच. वादळाच्या ऐन मध्यात त्या बिशपांना लोकांच्या हाती बातमी द्यावीशी वाटली.

मग या लोकांना धरून काय ठेवत होतं? याचं उत्तर चौथ्या-पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत मिळतं. डायोक्लेशियनच्या छळात काही बिशपांनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. छळ संपल्यावर डोनाटिस्ट म्हणाले, असल्यांच्या हातचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. शुद्ध धर्मगुरूचेच संस्कार खरे. बोलणं फार तेजस्वी वाटतं. हिप्पोच्या ऑगस्टीनने त्याला आयुष्यभर विरोध केला आणि ४११ च्या कार्थेजच्या वादसभेत डोनाटिस्टांचा पाडाव झाला. ऑगस्टीनचा मुद्दा असा: बाप्तिस्मा देणारा हात कोणाचाही असो, तो देतो ख्रिस्त. यहूदाच्या हातून बाप्तिस्मा झाला असता तरी तो ख्रिस्ताचाच ठरला असता.

कॅथलिकाच्या मनःशांतीचा पाया धर्मगुरूंच्या चांगुलपणात नाही, तो इथे आहे. आणि म्हणूनच त्या चांगुलपणाची पडताळणी करायला भिण्याचं कारण उरत नाही. मास्तर आणि माझा मित्र दोघंही नकळत डोनाटिस्ट आहेत. धर्मगुरू वाईट निघाला तर सगळंच खोटं ठरेल असं दोघांनाही आतून वाटतं. एक त्या भीतीने बघत नाही, दुसरा बघून निघून जातो.

मास्तरांचा पुढचा बचाव लायकीचा असतो. आम्ही साधी माणसं, आम्हाला धर्मशास्त्र काय कळतं? या युक्तिवादालाही इतिहास आहे, आणि तो फारसा शोभादायक नाही. १८५९ मध्ये इंग्लंडात जॉन हेन्री न्यूमन यांनी एक निबंध लिहून दाखवून दिलं की, नायसियानंतरच्या एरियन वादात कितीतरी बिशप डळमळले, परिषदांमागून परिषदा गोंधळल्या, तेव्हा खरी शिकवण धरून ठेवली ती सामान्य श्रद्धावंतांनी. या निबंधामुळे रोममध्ये त्यांच्याकडे कित्येक वर्षं संशयाने पाहिलं गेलं. हे प्रापंचिक म्हणजे कोण असे मोठे, अशा अर्थाचं त्यांच्या बिशपांनी विचारल्यावर, त्यांच्याशिवाय ख्रिस्तसभा हास्यास्पद दिसेल, असं न्यूमन म्हणाले. रोममधले एक वजनदार धर्मगुरू, मॉन्सिन्योर टॅलबट, यांनी तर १८६७ च्या एका पत्रात प्रापंचिकांचं क्षेत्र म्हणजे शिकार आणि पाहुणचार, असं लिहून टाकलं. आता टॅलबट कोणाला आठवतात? न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल आणि २०१९ मध्ये संत झाले.

आणि हा प्रश्न आता मतांचा राहिलेलाही नाही. १९८३ च्या धर्मविधीसंहितेचं २१२ वं कलम सांगतं की, आपल्या ज्ञानाप्रमाणे व योग्यतेप्रमाणे ख्रिस्तसभेच्या हिताबद्दलचं मत धर्मगुरूंना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधीकधी कर्तव्यही आहे. आदर राखून, समाजाचं हित आणि माणसांची प्रतिष्ठा सांभाळून. खुद्द पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर चूक दाखवली. श्रद्धेलाच धोका असेल तर खालच्याने वरच्याची चूक चारचौघांत दाखवावी, असं थॉमस अक्वायनस म्हणतात ते याच प्रसंगाचा दाखला देऊन.

माझ्या बाजूच्या लोकांनाही इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघून ‘रोम संपलं, आता खरे कॅथलिक आपण बाराजणच’ असं म्हणणारे माझ्या परिचयात आहेत. त्यांच्यासाठी पेन्यिस्कोलाचा किल्ला आहे. तेरावे बेनेडिक्ट कॉन्स्टन्सच्या परिषदेने पदच्युत केल्यावरही स्पेनच्या किनाऱ्यावरच्या या किल्ल्यातच बसून राहिले. ख्रिस्तसभा इथेच आहे, हेच नोहाचं तारू, असं ते म्हणत राहिले आणि १४२३ मध्ये तिथेच वारले. विद्वान होते, चारित्र्य स्वच्छ होतं, कायद्याच्या मुद्द्यांवर त्यांना हरवणं कठीण होतं. पण निवाडा खाली ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचा मित्र व्हिन्सेंट याला जमलं. ६ जानेवारी १४१६ रोजी पर्पिन्यां गावात, ज्या पोपसाठी त्याने उमेदीची वर्षं वेचली त्याच्याच आज्ञेतून आरागॉन राज्य बाहेर पडत असल्याची घोषणा व्हिन्सेंटने वाचून दाखवली. त्यानंतर तो उत्तरेला उपदेश करत निघाला आणि तीन वर्षांनी ब्रिटनीतल्या व्हान गावी वारला.

माहिती कमी असावी, असं मी म्हणत नाही. ती कशासाठी हवी हे ठरलेलं असावं. कॅथरिनला पोपच्या दरबाराची दुर्गंधी येत होती आणि शेवटच्या दिवसांत, चालवत नसतानाही, ती रोज संत पेत्राच्या मंदिरापर्यंत जाऊन प्रार्थना करत होती. तेहेतिसाव्या वर्षी ती गेली तेव्हा फूट ऐन भरात होती. ती ‘शांत’ होती का? बाहेरून पाहणाऱ्याला मुळीच वाटली नसती.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली, कारण तिथे मास्तरही गप्प होतात. बॉस्टनच्या वृत्तपत्राने २००२ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने २०१८ मध्ये जे उजेडात आणलं, ते धर्मगुरूंनी लेकरांवर केलेल्या अत्याचारांबद्दल होतं आणि त्याहून जास्त ते वरच्यांनी घातलेल्या पांघरुणाबद्दल होतं. हे पांघरूण म्हणजे परंपरा नव्हे. १०५० च्या सुमारास पीटर डॅमियन नावाच्या संन्याशाने धर्मगुरूंच्या लैंगिक पापांवर अख्खं पुस्तक लिहून नवव्या लिओ पोपना पाठवलं होतं. तोही आज संत आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला की, अशी माहिती मिळालेल्या धर्मगुरूने आणि संन्याशाने ती कळवलीच पाहिजे, आणि तक्रार करायला प्रत्येक धर्मप्रांतात सर्वांना उपलब्ध व्यवस्था असली पाहिजे. आपल्या देशात तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने २०१२ पासून प्रत्येक माणसावर हे बंधन घातलं आहे; माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे. इथे ‘खिशात ठेव आणि रोझरी काढ’ हा सल्ला देणारा माणूस कायद्याच्या नजरेत साक्षीदाराचा आरोपी होऊ शकतो.

गेल्या तपकाळात आम्ही पाचसहा जणांनी धर्मग्रामाला एक पत्र लिहायचं ठरवलं. आरोप काही नव्हता. मागणी एवढीच की, लेकरांबाबतची तक्रार कोणाकडे करायची, ते नाव आणि फोन चर्चच्या फलकावर लावावं. मसुदा मी घेऊन गेलो मास्तरांकडे. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि विचारलं, ‘आणि १३८० साली तू असतास तर कोणत्या पोपचा?’ म्हटलं, मिस्सेत आमचे फादर ज्याचं नाव घेत असतील त्याचा. ‘म्हणजे शेवटी माझंच खरं,’ म्हणाले. म्हटलं, ‘मास्तर, निम्मं.’

मग त्यांनी खिशातून तांबडं पेन काढलं. माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका दाखवल्या, ‘कृपया’ एका परिच्छेदात तीनदा आलं होतं त्यातले दोन खोडले, आणि ‘फलकावर’ या शब्दाआधी ‘प्रवेशद्वाराजवळच्या’ असं घातलं. मागच्या बाजूला लावतील, म्हणाले. सहीचं विचारलं तेव्हा कागद परत दिला. ‘आधी स्वच्छ प्रत काढून आण. मग बघू.’